पाच हजारांत पळण्याचं घड्याळ मिळेल का? (नागपूर, अगदी नवशिका)

नवशिका_बजाजनगर · १८ जानेवारी, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी,
वय ४१, वजन ८४, नोकरी खुर्चीतली. दिवाळीनंतरच्या तपासणीत साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी गोळीऐवजी बूट घ्यायला सांगितले. तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस अंबाझरीच्या बाजूला पळतो. पळतो म्हणजे दोन मिनिटं पळतो आणि पुढची दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून तलावाची शोभा पाहतो.

सध्या फोन हातात धरून पळावं लागतं. घामट बोटांनी काय दाबलं जाईल नेम नाही. परवा पळता पळता साहेबांना व्हिडिओ कॉल लागला. सकाळी सहाला. त्यांनी उचललाही.

म्हणून घड्याळ. बजेट पाच हजार, फार ताणलं तर आठ. ऑफिसात एकाकडे दीड हजाराचं आहे, त्यात शंभरावर खेळ, रक्तदाब, ऑक्सिजन, कॉल, सगळं आहे. मग दीड हजाराच्या आणि वीस हजाराच्या घड्याळात फरक नेमका कशाचा? मला एवढंच पाहिजे की किती पळालो, कोणत्या वेगाने पळालो आणि छाती फुटायच्या आधी थांबायचं कधी.

सौ. म्हणते, आधी तीन महिने पळून दाखवा, मग घड्याळ.

फुटाळाकाठी · रात्री १०:०५

वहिनींचं ऐका. धागा बंद करा.

जुना_पळपुट्या · रात्री १०:४१

भाऊ, शंभर खेळ विसरा. तुम्हाला एकच खेळायचा आहे. खोक्यावर फक्त एक गोष्ट शोधा, आणि तीच गोष्ट खोक्यावर सगळ्यात लबाडीने लिहिलेली असते: जीपीएस.

ते दोन तऱ्हेचं असतं. एकात उपग्रहाचा सिग्नल घ्यायची चिप घड्याळातच असते. फोन घरी चार्जिंगला लावून पळालात तरी अंतर मोजलं जातं. दुसऱ्यात घड्याळ फोनचं जीपीएस उसनं घेतं. त्याला कनेक्टेड किंवा असिस्टेड असं गोंडस नाव असतं. फोन सोबत नसेल तर असं घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावलं मोजतं आणि अंदाजाने अंतर सांगतं. दोन-तीन हजारांच्या आतली बहुतेक घड्याळं या दुसऱ्या जातीची.

सीताबर्डीला किंवा सदरला दुकानात घेणार असाल तर दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका, त्यालाही बरेचदा माहीत नसतं. फोनचं ब्लूटूथ बंद करा, घड्याळ घेऊन दुकानाबाहेर मोकळ्या आभाळाखाली उभे राहा आणि 'आउटडोअर रन' सुरू करा. उपग्रहाचं चिन्ह लुकलुकून मिनिटा-दोन मिनिटांत स्थिर झालं तर चिप आत आहे. 'फोन जोडा' असं आलं की हसून परत द्या. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुकान बदला, बर्डीत दुकानांना काय तोटा!

कॅसिओ_भक्त · रात्री ११:१५

मी दहा वर्षं साध्या डिजिटल घड्याळाच्या स्टॉपवॉचवर पळून राहिलो. दोन मिनिटं, चार मिनिटं मोजायला उपग्रह काहून लागतो?

जुना_पळपुट्या · रात्री ११:२२

लागत नाही. पण त्यांना घ्यायचंच आहे, हे तुम्हाला-मला दोघांनाही कळतं.

खामल्याची_ताई · १९ जानेवारी, सकाळी ७:१०

माझं मत थोडं वेगळं आहे. मी साडेपाचला निघते, तेव्हा खामल्यातही रस्ते सामसूम असतात. मी फोनशिवाय घराबाहेर पडतच नाही आणि कुणी पडूही नये. फोन कंबरेच्या पट्ट्यात जाणारच असेल तर घड्याळातल्या चिपसाठी अडीच-तीन हजार जास्त का द्यायचे? फोनचं जीपीएस स्वस्त घड्याळातल्या जीपीएसपेक्षा बरेचदा सरसच निघतं. मी पट्टा तीनशेला घेतला. फोन पोटाला घट्ट राहतो, साहेबांना कॉल लागत नाही.

बाकी मला घड्याळाचा खरा उपयोग होतो तो मनगटावर गुरगुरण्याचा. सुरुवातीला मी ते नऊ आठवड्यांचं 'काउच टू ५के' (न पळणाऱ्याला हळूहळू पाच किमीपर्यंत नेणारं वेळापत्रक) केलं. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. इंटरव्हल लावून ठेवलं की घड्याळ थरथरून सांगतं, आता पळ, आता चाल. खिशातला फोन ओरडतो, पण बाजूने बस गेली की ऐकू येत नाही. नवशिका भाऊ, तुमचं 'दोन मिनिटं पळ, दोन मिनिटं तलाव' यासाठी हे पाहा. आणि ही सोय प्रत्येक घड्याळात नसते! काहींत नुसता टायमर असतो, तो दर वेळी हाताने लावावा लागतो. घ्यायच्या आधी मेनूत शिरून बघा.

बारीक मनगटवाल्यांनी आकारही पाहावा. हल्ली दोन इंची पडद्याची फॅशन आहे. माझ्या हातावर ते बाथरूमची फरशी बांधल्यासारखं दिसतं, आणि पळताना उड्या मारतं ते वेगळंच.

मानेवाडा_मेल · सकाळी ९:३०

आता माझी कहाणी ऐका. गेल्या वर्षी सेलमध्ये तेराशेचं घड्याळ घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही, गेलेल्या पैशाला काय नाव ठेवायचं. रेशीमबागेत चार चकरा पळालो, पाहतो तर ठोके १६८. घाबरून बाकावर बसलो. पाच मिनिटांनी १६८. घरी आलो, आंघोळ केली, १६८. आईने सरळ हातावर हात ठेवून मोजले, ८० च्या आसपास निघाले.

त्या दिवशी काटोलच्या काकांकडून संत्री आली होती. पोट्ट्याने एक मोठं संत्रं घेतलं, त्याला पट्टा आवळला आणि 'हार्ट रेट' दाबलं. खालचा हिरवा दिवा संत्र्याच्या सालीवर लुकलुकला, पडद्यावरचं बदामाचं चित्र धडधडलं, आणि आकडा आला ७४. आम्ही सगळे गप्प. मग त्याने सोलून बांधलं तर ८१. साहजिकच आहे, कोणालाही सोललं तर ठोके वाढणारच. शेवटी बटाट्याला बांधलं तर नुसत्या रेघा. बायको म्हणाली, "बटाटा गेला."

शिवाय ॲक्टिव्हावर मानेवाडा चौकातून बर्डीला गेलो की नऊशे पावलं आयती जमा होत. त्यात घड्याळाचा दोष किती आणि रस्त्याचा किती, ते तुम्ही ठरवा.

फुटाळाकाठी · सकाळी ९:४४

संत्र्याचा विमा उतरवा बावा 😂

ठोकेताळा · दुपारी २:२०

मी फिजिओथेरपीत आहे. संत्र्याची गंमत खरी आहे, पण त्यावरून घड्याळ फेकू नका, महागड्या घड्याळालाही कधी कधी असं फसवता येतं. हिरवा प्रकाश कातडीत जातो. रक्त हिरवा रंग चांगला शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश थोडा कमी-जास्त होतो. घड्याळ तो चढउतार मोजतं. संत्र्यात रक्त नाही, पण आजूबाजूचा उजेड आणि हलणारा हात यातूनही चढउतार येतोच. मग आतलं गणित त्यातूनच एक आकडा काढून देतं. आकडा न देण्याची लाज त्याला नसते.

पळताना खरा घोळ दुसराच होतो. आपली पावलं मिनिटाला साधारण १६०-१७० पडतात, हातही त्याच तालात झुलतो. घड्याळ सैल असेल तर ते ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडून बसतं. पळताना आकडा १६५ वर खिळला असेल आणि तुम्ही आरामात गप्पा मारत असाल तर समजा, ते तुमचे पाय मोजून राहिलं आहे. (मानेवाडा_मेल यांचं बाकावरही १६८ होतं, तो आजार वेगळा. ते अडकलंच होतं.)

उपाय फुकटचा आहे. मनगटाच्या हाडाच्या वर एक-दोन बोटं सोडून बांधा, पळताना एक घर आवळा, नंतर सैल करा. महिन्यातून एकदा बसल्या जागी गळ्याची नाडी ३० सेकंद मोजून दुप्पट करा आणि ताडून पाहा. अगदी बिनचूक पाहिजे असेल तर छातीला बांधायचा पट्टा असतो. तो प्रकाशावर नाही, हृदयाच्या विजेच्या संकेतावर चालतो. पण नवशिक्यांना त्याची गरज नाही.

कमाल ठोक्यांसाठी घड्याळं बहुधा २२० वजा वय धरतात. दुसरं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे. नवशिका, तुमच्या वयाला दोन्हीतून १७९ च येतात, म्हणजे त्यावर वाद घालायला जागा नाही. पण दोन्ही सरासऱ्या आहेत, तुमचा खरा आकडा दहा-बाराने इकडे-तिकडे असू शकतो. त्यामुळे 'थांबायचं कधी' याची जुनी कसोटीच धरा. पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर चाला. छातीत दुखलं, चक्कर आली, तर घड्याळाकडे पाहत बसायचं नाही, सरळ थांबायचं.

आणि साखर काठावर आहे म्हणून मुद्दाम सांगते, मनगटावरून सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारं घड्याळ दिसलं तर चार हात लांब राहा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना उघड इशारा दिला होता की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची मान्यता नाही. स्वस्त घड्याळातल्या रक्तदाबाचंही तसंच. दंडाला फुगणारा पट्टा असलेलं मशीन घरी ठेवा.

खामल्याची_ताई · दुपारी २:५१

+१. हा प्रतिसाद जतन करून ठेवते.

नवशिका_बजाजनगर · रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. सौ.ने संत्र्याचा किस्सा मोठ्याने वाचून घेतला, आता घरात मला ७४ म्हणतात.

एक शंका. काल बदल म्हणून अजनी चौकातून वर्धा रोडने पळालो, फोन हातात. मित्राच्या गाडीच्या मीटरवर नंतर तेच अंतर २ किमी निघालं, फोन म्हणतो २.६. मग चांगलं घड्याळ घेऊनही हेच होणार असेल तर?

जुना_पळपुट्या · रात्री ९:१८

वर्धा रोडला होणारच! तिथे तुमच्या डोक्यावर काय आहे पाहा. मधे उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, तुम्ही तळाला. ३.१४ किमीचा तो दुमजली पूल गिनीज बुकात गेला, पण पुलाखालचा रस्ता पळणाऱ्याच्या जीपीएससाठी नागपुरातल्या वाईट जागांपैकी एक. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर असतात, सिग्नल मुळातच क्षीण. तो काँक्रीटवर आणि इमारतींवर आपटून उशिरा पोचतो. तुम्ही सरळ पळत असता आणि घड्याळाला वाटतं की तुम्ही एकदा या फुटपाथवर आणि एकदा त्या फुटपाथवर आहात. ते ठिपके जोडले की नागमोडी रेघ होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते. तुमचे जादा सहाशे मीटर तिथूनच आले. कामठी रोडच्या पुलाखालीही हेच.

सेमिनरी हिल्सला, सिव्हिल लाइन्सला दाट झाडीखाली थोडं चुकतं, पण इतकं नाही. बागेतल्या गोल चकरांत उलट चूक होते. बॅटरी वाचवायच्या मोडवर घड्याळ दर सेकंदाऐवजी काही सेकंदांनी एक ठिपका घेतं, वळणं कापली जातात आणि अंतर कमी येतं. म्हणून पळताना बचत मोड बंद ठेवायचा.

दुसरी चूक आपली स्वतःची. घराबाहेर पडलो की लगेच बटण दाबून सुटतो. उपग्रह सापडेपर्यंत उभं राहायचं. तेवढ्यात बुटाच्या नाड्या बांधा, पोटऱ्या ताणा. आणि आठवड्यातून दोनदा तरी घड्याळ फोनशी जोडून ॲप सिंक करा. उपग्रह कुठे सापडतील याची ताजी माहिती त्यातून येते, मग ते दोन मिनिटांऐवजी काही सेकंदांत शोधतं. उपग्रहाचा सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर घेणारी घड्याळं पुलाखाली आणि इमारतींत जास्त सावरून घेतात, पण तुम्ही अंबाझरीला मोकळ्यावर पळता, त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

घड्याळ तपासायचं असेल तर मानकापूरच्या क्रीडा संकुलात जा. वेळ आणि फी गेटवर विचारून घ्या. ट्रॅकच्या सगळ्यात आतल्या लेनची एक फेरी ४०० मीटर. साडेबारा फेऱ्या म्हणजे बरोबर ५ किमी. पण आतल्याच लेनमध्ये! प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद, एक लेन बाहेर सरकलात की फेरीला सात मीटरच्या वर वाढतात. आठव्या लेनची फेरी ४५० च्या पुढे जाते. मी एकदा सहाव्या लेनमध्ये पळून घड्याळाच्या कंपनीला रागाचं पत्र लिहायला घेतलं होतं. पोराने लेनचं गणित सांगितलं, मग पत्र फाडलं.

पाच किलोमीटरला शंभर-सव्वाशे मीटर इकडे-तिकडे झालं तर स्वस्त घड्याळाला माफ करा. पुढे कधी शर्यतीत उतरलात तर हेही लक्षात ठेवा, हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किमीची असते आणि तुमचं घड्याळ २१.३-२१.४ दाखवेल. मग लोक आयोजकांशी भांडतात. रीतसर मापलेला मार्ग सगळ्यात जवळच्या रेषेने, सायकलच्या चाकाला लावलेल्या यंत्राने मोजतात, आणि कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वरून घालतात. आपण मात्र पाण्याच्या टेबलाकडे, सावलीकडे, ओळखीच्या माणसाकडे असे वळत वळत पळतो.

कॅसिओ_भक्त · रात्री ९:४०

म्हणजे वीस वर्षं मी बरोबरच होतो.

फुटाळाकाठी · रात्री ९:४१

काल दहा होती.

उन्हाळी_४६ · २० जानेवारी, सकाळी ६:५५

मंडळी, आत्ता जानेवारी आहे म्हणून गोड वाटून राहिलं. एप्रिलचा विचार करून घ्या. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, सकाळी सातलाही ऊन डोळ्यात शिरतं. चकचकीत एमोलेड पडदा दुकानात सुंदर दिसतो, उन्हात त्याला उजेड वाढवावा लागतो आणि बॅटरी घटाघटा जाते. जुन्या पद्धतीचा, थोडा फिका दिसणारा पडदा (गार्मिनच्या फोररनर ५५ वर आहे तसला) उन्हातच जास्त स्पष्ट दिसतो. घरात मात्र गरीब दिसतो, मुलांना आवडत नाही.

टचस्क्रीनचाही अनुभव घ्या. घामाचा थेंब पडला की घड्याळ स्वतःच पळणं थांबवून टाकतं. थांबवायला-सुरू करायला निदान एक तरी खरं बटण असू द्या. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ विसरू नका, लिथियमची बॅटरी उन्हाने मरते.

उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके वाढलेले दिसतील. घाबरायचं नाही, घड्याळाला शिव्याही द्यायच्या नाहीत. शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, म्हणून हृदयाला जास्त पळावं लागतं. तेव्हा वेग कमी करा.

शंकरनगर_सेकंडहँड · सकाळी ८:१२

आता कुणी मॉडेल बोलणार आहे की नाही? मी बोलतो.

चिप आत असलेलं आणि पाच हजारांत बसणारं म्हणजे सीएमएफ वॉच प्रो २. जुलै २०२४ ला आलं तेव्हा ४,९९९ होतं, सेलमध्ये खाली येतं. आठ हजारांपर्यंत गेलात तर अमेझफिटची बिप मालिका पाहा, पण बिप नावाच्या प्रत्येक घड्याळात जीपीएस आहे असं समजू नका, आकडा नीट वाचा. खरं पळणाऱ्यांचं म्हणाल तर वर आलंय ते फोररनर ५५. २०२१ चं, ३७ ग्रॅम, पाच बटणं, जीपीएस चालू ठेवून कंपनी २० तास सांगते. नवं तुमच्या बजेटबाहेर, पण लोक वरचं मॉडेल घेतात तेव्हा हे विकायला निघतं. मी तसंच घेतलं, पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्यासोबत अर्धा तास जीपीएस लावून चाललो. बॅटरी शंभर टक्क्यांवरून ९५-९६ वर आली तर ठीक, ८५ वर आली तर ती संपलेली. जुन्या मालकाने आपल्या खात्यातून घड्याळ काढलंय का, तेही समोरच पाहून घ्या.

'१४ दिवस बॅटरी' हे जीपीएस न लावता असतं. त्यावर भांडू नका, सगळेच तसं लिहितात.

नवशिका_बजाजनगर · २४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

धागा वर काढतोय, माफी असावी.

घेतलं! चिप आत असलेलं, साडेचार हजारांत. कंपनी लिहीत नाही, नाहीतर पुढची पन्नास पोस्ट त्यावरच जातील. बर्डीला दुकानाबाहेर उभा राहून ब्लूटूथ बंद करून पाहिलं. तिसऱ्या दुकानात जमलं, पहिल्या दोघांत 'फोन जोडा' आलं. खामल्याची ताई, इंटरव्हल आहे त्यात. आता चार मिनिटं पळतो, एक मिनिट चालतो. तलाव पाहायला वेळ उरत नाही.

रविवारी मानकापूरला आतल्या लेनमध्ये साडेबारा फेऱ्या मारल्या, चालणं धरून. ३८ मिनिटं ४० सेकंद. घड्याळ म्हणालं ५.११ किमी, वेग किलोमीटरला ७:३४ मिनिटं. ट्रॅकच्या हिशोबाने वेग ७:४४ येतो. दहा सेकंदांनी माझं कौतुक करून राहिलं आहे, मी आडवा आलो नाही.

एक अडचण. पट्ट्याखाली गोल लाल चट्टा उठलाय, खाजतो. ॲलर्जी असेल का? पट्टा बदलू?

ठोकेताळा · रात्री ९:३३

आधी हे सांगा, रात्रीही बांधून झोपता का? आणि पळून आल्यावर पट्टा धुता?

नवशिका_बजाजनगर · रात्री ९:३५

पट्टा धुवायचा असतो?

खामल्याची_ताई · रात्री ९:३६

अहो ७४!